‘प्रकाशोपचार’ : एका संज्ञेची चिकित्सा

एखादी संज्ञा तिच्या शक्तीबाहेर अर्थ वाहू लागली, म्हणजे भाषेच्या अभ्यासकाचे कुतूहल जागे होते. परंतु तीच संज्ञा रुग्णाच्या कानी पडू लागली, म्हणजे प्रश्न केवळ कुतूहलाचा उरत नाही. दृष्टिविकारांच्या संदर्भात अलीकडे रूढ झालेली ‘प्रकाशोपचार’ ही अशीच एक संज्ञा होय. मधुमेहाने बिघडलेल्या दृष्टिपटलावर लेसर किरणांनी केलेली क्रिया ह्या एकाच शब्दात बसते. रंगीत काचांतून डोळ्यात सोडलेला मंद प्रकाश त्यातच बसतो. उगवत्या सूर्याकडे पाहण्याचा नेमही त्यातच येतो. आणि चष्म्याचा क्रमांक वाढू नये म्हणून मुलांच्या डोळ्यांवर टाकावयाचा लाल किरणही तेथेच दाटीवाटीने उभा असतो. ह्यांतील पहिली क्रिया अर्धशतकाहून अधिक काळ काटेकोर चाचण्यांतून तावून सुलाखून निघालेली आहे. शेवटची अद्याप वादग्रस्त आहे. मधल्या दोहोंना शास्त्राचा आधार जवळजवळ नाही. संज्ञा एक झाली की पहिलीची प्रतिष्ठा उरलेल्यांना आपोआप मिळते, आणि उरलेल्यांची भाबडी आश्वासने पहिलीच्या माथी बसतात. ह्या दुसऱ्या परिणामाकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात त्याचा विचार प्रामुख्याने करावयाचा आहे, आणि तो बुलढाणा जिल्ह्यातील बोलीच्या अनुषंगाने करावयाचा आहे.

प्रथम मराठी माणूस दृष्टीविषयी कसा बोलतो ते पाहू. आपली भाषा डोळ्याला पाहणारे यंत्र मानीत नाही, तर दिवा मानते. ‘नेत्रज्योती’, ‘डोळ्यांतील तेज’, ‘डोळ्यांची जोत गेली’ हे प्रयोग पाहावेत. दृष्टी डोळ्यात येत नाही. ती डोळ्यातून बाहेर जाते. म्हणून आपण नजर ‘टाकतो’, नजर ‘फिरवतो’, आणि संस्कृताळलेल्या भाषेत ‘दृष्टिक्षेप’ करतो. दुसऱ्याची नजर ‘लागते’ ती काही तरी बाहेर फेकले जाते म्हणूनच. ह्या वाक्प्रचारांमागे जुने तत्त्वज्ञानही उभे आहे. नैयायिकांच्या मते चक्षुरिंद्रिय तैजस असून त्याचा रश्मी विषयापर्यंत जाऊन पोहोचतो. बौद्धांनी ह्या मताचा प्रतिवाद केला, तरी लोकभाषेत विजय नैयायिकांचाच झाला. आयुर्वेदानेही डोळा तेजोमय मानला व त्याला विशेष भय कफाचे आहे असे सांगितले. ग्रीकांमध्येही हे मत होते, आणि अकराव्या शतकात इब्न अल्-हैथमने ते सप्रमाण खोडून काढले, हे विज्ञानाच्या इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहेच. परंतु भाषा खंडन-मंडनाने बदलत नाही. डोळा दिवा आहे, ही समजूत शब्दांच्या तळाशी शाबूत आहे, आणि दिवा मंद झाला की त्याला तेल घालावे वा दुसऱ्या ज्योतीने तो पेटवून घ्यावा, हा विचार तिच्यातून आपसूक निघतो. ‘प्रकाशोपचार’ ह्या सामासिक शब्दाचा विग्रह वैद्य ‘प्रकाशाच्या साधनाने केलेला उपचार’ असा करील. रुग्ण तो ‘प्रकाश परत देणारा उपचार’ असा करतो. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही विग्रह निर्दोष आहेत. अडचण नेमकी ही आहे.

बुलढाणा जिल्ह्याची भाषा एकजिनसी नाही. घाटावरील चिखली, मेहकर, लोणार ह्या बाजूची बोली आणि घाटाखालील खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर येथील बोली ह्यांत कानाला जाणवेल इतके अंतर आहे. मलकापूरकडे खानदेशाची छाया पडते, तर देऊळगाव राजा व सिंदखेड राजा ह्या बाजूस मराठवाड्याची. तथापि वऱ्हाडीचे ठळक विशेष, म्हणजे ‘ळ’च्या जागी येणारा ‘य’ आणि चतुर्थीचा ‘ले’ हा प्रत्यय, जिल्ह्याच्या मोठ्या भागात आढळतात. ग्रियर्सनने भाषिक पाहणीच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात मराठीच्या बोलींचा विचार केला, त्यात वऱ्हाडीलाही स्थान दिले. येथे डोळा ‘डोया’ होतो आणि ‘डोयाले दिसत नाही’ अशी तक्रार कानी येते. विकाराची नावे मात्र सर्व महाराष्ट्रात आहेत तीच आहेत, आणि त्यांची रचना मोठी उद्बोधक आहे. डोळे ‘येणे’ हा आजार. डोळे ‘जाणे’ हे आंधळेपण. आजार येतो तो डोळ्यांच्याच रूपाने, आणि दृष्टी जाते तीही डोळ्यांच्याच रूपाने. अवयव आणि त्याचे कार्य ह्यांत बोली भेद करीत नाही. आता जे गेले ते परत येऊ शकते, असे ‘जाणे’ हे क्रियापद नेहमीच सुचवीत असते. गेलेला पाहुणा येतो, गेलेले पीक पुढल्या हंगामी येते. मधुमेहाने वा काचबिंदूने गेलेली दृष्टी त्या अर्थाने ‘गेलेली’ नसते. ती मेलेली असते. परंतु ‘डोळे मेले’ असे कोणी म्हणत नाही, आणि म्हणावे अशी अपेक्षाही करता येत नाही.

ह्या पार्श्वभूमीवर ‘लेसर’ ह्या शब्दाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. हा परकीय शब्द असल्यामुळे तो निर्मळ राहील, त्याला जुन्या समजुती चिकटणार नाहीत, अशी आशा कोणी बाळगली असेल तर ती फोल ठरली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पूर्वी मोठ्या छेदाने व टाके घालून होत असे. १९६७ साली चार्ल्स केल्मन ह्या अमेरिकन शल्यवैद्याने ध्वनिलहरींनी भिंगाचा गढुळलेला गाभा फोडून बारीक छेदातून काढण्याची पद्धती प्रचारात आणली, आणि आज आपल्याकडेही ती सर्वत्र रूढ झाली आहे. तीत लेसरचा संबंध नाही. आहे तो श्रवणातीत ध्वनीचा. तरीही गावोगावी तिला ‘लेसरचे ऑपरेशन’ म्हणतात. बिनटाक्याचे, झटपट, नव्या यंत्राने झालेले जे काही ते लेसर, असा अर्थविस्तार झाला. लेसरचा खरा उपयोग मोतीबिंदूत होतो तो बहुधा नंतर, भिंगामागील पातळ आवरण गढुळले तर ते भेदण्यासाठी. (अलीकडे छेद घेण्याच्या कामीही विशिष्ट प्रकारचे लेसर वापरतात, पण तो महागडा अपवाद आहे.) ह्या नामविपर्यासाचा परिणाम असा की, खेड्यातील ऐकणाऱ्याच्या मनात ‘लेसर’ ह्या शब्दाबरोबर एक चित्र पक्के बसलेले असते: सासऱ्याच्या डोळ्यावर लेसर झाले आणि दुसऱ्या दिवशी पट्टी काढताच त्याला भिंतीवरचे घड्याळ दिसले.

आता त्याच घरातील मधुमेही सुनेला डॉक्टर सांगतात की, तुमच्या डोळ्याच्या पडद्यावर लेसर करावे लागेल. ह्या वाक्यातील दोन्ही नामे तिला दगा देतात. ‘लेसर’चे सांगितलेच. ‘पडदा’ हा शब्द त्याहून अवघड आहे. वैद्यकाला अभिप्रेत असलेला पडदा म्हणजे डोळ्याच्या आतील मागच्या बाजूचे दृष्टिपटल, ज्यावर प्रतिमा उमटते. नाटकगृहातल्या नव्हे, तर चित्रपटगृहातल्या पडद्याप्रमाणे. लोकांना अभिप्रेत असलेला पडदा नेमका उलट, पाहणाऱ्यापुढे आडवा येणारा. मोतीबिंदूचे वर्णनही ‘डोळ्यावर पडदा आला’ असेच करतात. पहिला पडदा नसेल तर दिसणार नाही. दुसरा पडदा असेल तर दिसणार नाही. एकाच शब्दाने परस्परविरुद्ध कार्याच्या दोन वस्तू दाखविण्याचा असा प्रकार मराठीत क्वचितच आढळेल. साहजिकच ‘पडद्यावर लेसर’ म्हणजे आडवा आलेला पडदा जाळून टाकणे व पुढचे दृश्य मोकळे करणे, असा अर्थ ती सून घेते. क्रिया होते. दुसऱ्या दिवशी नजर होती तेवढीच असते; कित्येकदा काही दिवस थोडी मंदही वाटते. दृष्टिपटलाच्या परिघावर बाराशे ते सोळाशे डाग द्यावयाचे असल्यामुळे हे काम अनेकदा एका बैठकीत संपत नाही. फसगत झाली अशा समजुतीने पुढच्या बैठकीला ती न आली, तर तिला दोष देण्याआधी आपण तिला कोणत्या भाषेत बोलावले होते, हे तपासले पाहिजे.

ह्या ठिकाणी क्रियेचे खरे स्वरूप सांगणे अवश्य आहे. तिचा उगम मोठा विलक्षण आहे. ९ जुलै १९४५ रोजी युरोपात सूर्यग्रहण दिसले. उघड्या डोळ्यांनी ते पाहणाऱ्या काहींच्या दृष्टिपटलावर भाजल्याचे व्रण पडले. असा व्रण पाहून जर्मन नेत्रवैद्य मायर-श्विकेराथ ह्यांच्या मनात विचार आला की, जे अनवधानाने अपाय करते ते मोजूनमापून वापरल्यास फाटू पाहणाऱ्या दृष्टिपटलाला चिकटवून ठेवणार नाही काय? १९४९ साली त्यांनी आरशांच्या योजनेने सूर्यकिरण रुग्णाच्या डोळ्यात नेऊन ही कल्पना प्रत्यक्षात आणली. ढगाळ दिवशी काम थांबे. म्हणून पुढे झेनॉन वायूच्या दिव्याचे यंत्र आले. १९६० साली मेमनने माणकाचा लेसर तयार केला, पुढच्याच वर्षी तो माणसाच्या डोळ्यावर वापरला गेला, आणि १९६८ च्या सुमारास आरगॉन लेसरने ह्या शाखेला स्थैर्य आले. हिरवा किरण दृष्टिपटलामागील रंगद्रव्यात शोषला जातो, त्याची उष्णता होते व तेथील पेशी गोठतात. म्हणजे ही क्रिया प्रकाशाची असली तरी प्रकाश ‘देण्याची’ नाही. ती डागण्याची आहे. परिघावरील थोडे दृष्टिपटल जाणूनबुजून खर्ची घालून मधले राखावयाचे, असा हा व्यवहार आहे. रात्रीची व कडेची नजर त्यात थोडीबहुत जाते. मोबदल्यात काय मिळते, ते अमेरिकेतील दोन मोठ्या चाचण्यांनी दाखविले. पहिलीचा निष्कर्ष १९७६ साली आला: वाढलेल्या विकारात दृष्टी गंभीररीत्या जाण्याचे प्रमाण निम्म्याने वा त्याहून अधिक घटले. दुसरीने १९८५ साली मध्यभागाच्या सुजेबाबत तसाच निम्म्याचा हिशेब मांडला. आज सुजेवर मुख्य भर डोळ्यात द्यावयाच्या इंजेक्शनांवर आहे, परंतु परिघावरील लेसरचे महत्त्व ओसरलेले नाही. ह्या सर्व यशाचे एकक ‘किती दिसू लागले’ हे नव्हे, ‘किती जावयाचे राहिले’ हे आहे. न घडलेल्या हानीचे नाव सांगणे कोणत्याही भाषेला कठीणच जाते.

गंमत अशी की, ‘प्रकाशोपचार’ ह्या तेजस्वी शब्दापेक्षा गावातला ‘डाग देणे’ हा ओबडधोबड प्रयोग ह्या क्रियेच्या सत्याशी अधिक जवळचा आहे. सुश्रुताचे अग्निकर्म त्याच जातीचे. तरीही तो सुचविण्याचा मोह आवरला पाहिजे. पोटफुगीसाठी तान्ह्या मुलांच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने चटके देण्याची ‘डंबा’ ही अघोरी चाल शेजारच्या मेळघाटातून अद्याप निपटून निघालेली नाही, आणि ‘डाग’ म्हणताच वऱ्हाडातील माणसाला तीच आठवेल. शब्दाचा अर्थ बरोबर असून शब्द निरुपयोगी असतो, तो असा. उलट बाजूस परिभाषाकारांचा ‘प्रकाशक्लथन’ हा संस्कृत शब्द आहे. त्याचे गुण मी नाकारीत नाही, परंतु रुग्णाला समजावा ही अपेक्षा त्याच्या कर्त्यांनीही केली नसावी.

ह्या जिल्ह्याच्या भूमीवर ह्या प्रश्नाचा जुना दाखला मिळतो. श्रीचक्रधरस्वामींचा संचार लोणार व मेहकर येथे झाला होता, हे लीळाचरित्राच्या वाचकांस माहीत आहे. त्यांच्यामागे पंथाचे आचार्यपद सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांनी, पंडित शिष्य संस्कृतात ग्रंथरचना करू लागला तेव्हा, त्याने आपल्या म्हाताऱ्या बाया नाडल्या जातील असा आक्षेप घेतल्याचे स्मृतिस्थळात नमूद आहे. सातशे वर्षांपूर्वीचा हा आक्षेप भाषाभिमानाचा नव्हता. ज्ञान ज्याच्यासाठी आहे त्याला ते पोहोचते की नाही, एवढाच त्याचा मुद्दा होता. आज बुलढाण्यास २०२४ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थी इंग्रजीतून शिकतील आणि ‘डोया’ म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांशी बोलतील. मधला पूल कोणी बांधावयाचा, हे आपल्या भाषाविभागांनी स्वतःस विचारावे.

नावे किती त्वरेने रुजतात ह्याचे उदाहरण ताजे आहे. डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत माणसांचे केस एकाएकी गळू लागले. कारण कळण्यापूर्वीच ‘टक्कल व्हायरस’ हे नाव छापून आले. पुढे तपासकांचे लक्ष विषाणूवरून हटून सेलेनियम ह्या मूलद्रव्याकडे वळले. पण नाव राहिले ते राहिलेच.

आता संज्ञेच्या दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे अप्रमाणित प्रकाशोपचारांकडे वळू. ह्यांचा इतिहास मुंबईला येऊन भिडतो. १८७३ साली मुंबईत जन्मलेले दिनशा घडियाली हे पारशी गृहस्थ अमेरिकेत गेले आणि १९२० साली त्यांनी रंगीत काचांच्या प्रकाशयंत्राने सर्व रोग बरे करण्याची ‘स्पेक्ट्रोक्रोम’ पद्धती जाहीर केली. १९४७ साली तेथील न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. अपराध कोणता, हे भाषाभ्यासकाने ध्यानात घेण्यासारखे आहे: यंत्रावर व त्यासोबतच्या पुस्तिकांत खोटे वर्णन केल्याचा. म्हणजे शिक्षा दिव्याला झाली नाही, शब्दांना झाली. दृष्टिविकारांपुरती रंगीत प्रकाशाची अशीच एक पद्धती हॅरी स्पिटलर ह्यांनी १९४१ च्या ग्रंथात मांडली. तिला नियंत्रित चाचण्यांचे भक्कम पाठबळ आजवर लाभलेले नाही. सूर्याभिमुख बसण्याचा उपाय विल्यम बेट्स ह्यांच्या १९२० च्या पुस्तकातून आला, आणि आपल्याकडे तो डॉ. आर. एस. अगरवाल ह्यांनी पाँडिचेरीच्या नेत्रशाळेतून प्रसृत केला. आपल्या सूर्योपासनेच्या परंपरेमुळे तो येथे परका वाटला नाही, हे उघड आहे. अर्घ्य देणे हा श्रद्धेचा भाग आहे व त्याविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. परंतु सूर्यबिंबाकडे टक लावल्याने दृष्टिपटल भाजते, हे १९४५ च्या ग्रहणाने ज्या शास्त्राला शिकविले तेच शास्त्र आपण वर पाहिले.

आपल्या देशात १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय ह्यांविषयीच्या कायद्याने अंधत्व, मोतीबिंदू, काचबिंदू व मधुमेह बरे करण्याच्या जाहिरातींस मनाई केली आहे. पण कायदा विधानाला पकडतो. सूचनाला पकडणे त्याला दुरापास्त असते. ‘बरे करतो’ असे न म्हणता ‘उपचाराचा एक भाग’ असे म्हटले की काम भागते. ‘भाग’ हा शब्द मोठा निरुपद्रवी दिसतो. भाग म्हटले की तो मुख्य की गौण, त्याच्यावाचून अडते की नाही, हे सांगण्याची जबाबदारी टळते. लेसर हा मधुमेही दृष्टिविकाराच्या उपचाराचा भाग आहे आणि रंगीत दिवाही भाग आहे, ह्या दोन वाक्यांची व्याकरणदृष्ट्या रचना एकच आहे. एकात मात्र भाग काढून घेतला तर डोळा जातो.

म्हणून सर्वच नव्या प्रयोगांकडे संशयाने पाहावे असे नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषधनियंत्रकांनी वार्धक्यातील दृष्टिपटलाच्या झिजेच्या कोरड्या प्रकारासाठी मंद प्रकाशाच्या एका यंत्रास विक्रीची मान्यता दिली. लाभ मर्यादित असला तरी मार्ग चाचणीचा होता. चीनमध्ये मुलांचा चष्मा रोखण्यासाठी वापरलेल्या लाल प्रकाशाने काही चाचण्यांत चांगले परिणाम दाखविले, परंतु एका बारा वर्षांच्या मुलीच्या दृष्टिपटलास इजा झाल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाल्यावर सावधगिरीची हाक उठली. ह्याच चष्म्याच्या प्रश्नावर सर्वांत साधा प्रकाशोपचार तैवानने २०१० पासून राबविला: शाळकरी मुलांनी रोज एकशेवीस मिनिटे मोकळ्या जागी घालवावीत. त्याने मुलांतील लघुदृष्टीचे वाढते प्रमाण खाली येऊ लागले.

आणि येथे मराठी इंग्रजीहून समर्थ ठरते. ‘सूर्यप्रकाश घ्या’ हा सल्ला भाषांतरित आहे. तो ऐकून कोणी उन्हात तापत बसेल, कोणी सूर्याकडे पाहील. मराठीत ऊन वेगळे आणि उजेड वेगळा. ‘ऊन’ हा शब्द ‘उष्ण’पासून आलेला, त्यात ताप आहे. ‘उजेड’ म्हणजे ज्यात वस्तू दिसतात ते. मुलाच्या डोळ्याला हवा आहे तो दिवसाचा उजेड, झाडाच्या सावलीतलाही चालेल. वैशाखातले खामगावचे ऊन नव्हे. हा भेद विदर्भातील प्रत्येक मातेला न शिकविता कळतो. आपण तो भाषांतराच्या नादात पुसून टाकतो.

लेसरपुरता माझा आग्रह एका क्रियापदाचा आहे: ‘राखणे’. शेत राखल्याने पीक वाढत नाही; ते डुकरांपासून वाचते. राखण एका रात्रीची नसते, आणि राखणीनंतर कणसे तेवढीच राहिली तर कोणी राखणदाराला लबाड म्हणत नाही. ‘हे नजर आणायचं लेसर नाही, आहे ती राखायचं लेसर आहे, दोनतीनदा यावं लागेल’ असे वाक्य घाटावर व घाटाखाली सारखेच समजेल. त्यात ‘पडदा’ ह्या शब्दाची गरजही पडत नाही. काचबिंदूसही हेच क्रियापद लागू पडते. तेथे ते अधिकच हवे, कारण मोतीबिंदू व काचबिंदू ही नावे यमकाने बांधलेली असून पहिल्याची दृष्टी परत येते व दुसऱ्याची येत नाही. शिवाय आयुर्वेदात ‘काच’ ही तिमिर व लिंगनाश ह्यांच्या मधली, म्हणजे मोतीबिंदूच्या वाटेवरची अवस्था होती. आधुनिक मराठीने तो शब्द उचलून वेगळ्याच रोगास चिकटविला. तो गोंधळ आता निस्तरता येणार नाही.

एका ठिकाणी मात्र ‘राखणे’ही अपुरे आहे. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बालकांच्या दृष्टिपटलावर विकृत रक्तवाहिन्या वाढू शकतात, व त्यावरही लेसर हा उपाय आहे. भारतातील प्रचलित मार्गदर्शनानुसार चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या वा दोन हजार ग्रॅमहून कमी वजनाच्या बालकाचे डोळे जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासावयाचे असतात. अशा बालकाला बहुधा काविळीसाठी निळ्या प्रकाशात, डोळ्यांवर पट्टी बांधून, ठेवलेले असते. घरी त्याला ‘पेटीत ठेवलं’ एवढेच म्हणतात, आणि पेटीत डोळे बांधले होते म्हणजे डोळ्यांची काळजी घेतली गेली, असे आई सहज समजते. दोन प्रकाशोपचार, दोन अवयवांचे. एकाने दुसऱ्याची आठवण पुसावी अशी ही जागा आहे. येथे उपमा नको, क्रियापदही नको. घरी सोडताना दिलेल्या कागदावर तीस दिवस ज्या तिथीला संपतात ती तारीख मराठी अंकांत, मोठ्या अक्षरांत लिहावी, आणि कोठे जावयाचे त्या गावाचे नाव तिच्याखाली लिहावे.